माळावर काय आहे?

आमच्या माळावर कुणी वाळवंट आणून ओतलं, तर राग येणार नाही का? माकणीच्या धरणाचं पाणी जिथून दिसतं, तिथं गायरानाला लागून एका शहरी मालकानं तंबू ठोकले. टिपरनं वाळू आणून पसरली, कुठूनसे दोन उंट आणून बांधले आणि फाट्यावर पाटी लावली : मराठवाड्यातलं वाळवंट. उंटाची सफर, सूर्यास्त, चांदण्या बघणं, सकाळी माळावर फेरी. हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण आमच्या वस्तीतल्या बाया ज्या पाऊलवाटेनं गवताचे भारे आणायच्या, तिच्यावर त्यानं काटेरी तार ओढली. गवत गायरानातलं, म्हणजे गावाचं, आणि बायांना ओढ्याकडून वळसा!

मी पत्रक लिहिलं. पत्रकं लिहायला मी विहारातल्या अभ्यासिकेत शिकले. तिथल्या ताई सांगायच्या, पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याचं मनगट धरायचं. मी धरलं. 'पर्यटकांनो, तुमची फसवणूक होत आहे! या माळावर दगड आणि कुसळं सोडून काहीही नाही!' सरकारी कागदातही हा माळ 'पडीक' म्हणूनच लागलेला आहे, हे मी पुरावा म्हणून खाली ठोकून दिलं. वाटेची मागणी शेवटी, बारीक अक्षरात. जागा उरली नव्हती.

अडचण एकच होती. माझी माय त्याच तंबूंवर कामाला होती.

आधी ती भाकरी थापायला जायची. दिवाळीनंतर मालकानं आणलेला गाईड पाहुण्यांसकट माळावर वाट चुकला, त्यांना शोधून आणलं मायनं, आणि तेव्हापासून सकाळची फेरी तिच्याकडं आली. ती ठेवणीतलं लुगडं नेसून जायला लागली. घरी आली की चहा थंड होईस्तोवर बोलायची. "तीस वर्सं त्या माळावर गवत कापलं, कुणी इचारलं न्हाय की बाई तिथं काय हाय. आता मानसं इचारत्यात आन् म्या सांगते." आयुष्यभर हूं-हूं करणारी माझी माय. ते सगळं मला दिसत होतं. तरी मी पत्रकं छापली आणि तिला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी तंबूंच्या फाटकाशी उभी राहून मी आठ-दहा पाहुण्यांच्या हातात पत्रक दिलं. तेवढ्यात हातात काठी घेऊन माय आली, तशी उरलेली मी पिशवीत कोंबली.

"तू गं हितं?"

"आले सहज."

"मग चल की. बघशील तरी."

काय करणार? गेले.

आधी तिनं एका पाहुण्याच्या पायांकडं बघितलं. "दादा, ह्या पांढऱ्या बुटात कुसळं लई मजेत ऱ्हात्यात. पायमोजे वर वढा." उंटाजवळून जाताना एका बाईंनी विचारलं, मावशी, हा इथलाच का? माय म्हणाली, "न्हाय ओ. त्यो बी पोटासाठी आलाय. दुसऱ्याच्या वाळूत हुबा ऱ्हातोय बिचारा." सगळे हसले. मीही हसले, मग आठवलं की मी रागावलेली आहे.

पुढं ती वाकली, एक पातं तोडून तळहातावर चोळलं आणि त्या बाईंच्या नाकापुढं धरलं. "तिखाडी. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पान्यात टाकतो आमी." मग सगळेच चोळून हुंगायला लागले. हे पवन्या, ह्यानं म्हस दूध देती. हे मारवेल, हे गोड. ही कुसळी, ही कोवळी आसंस्तोवरच गुरं खात्यात, म्हातारी झाली की आपल्याच पायाला टोचती. लांडग्याची वाळलेली विष्ठा काठीनं फोडून तिनं आतले सशाचे केस दाखवले, तर पांढऱ्या बुटांचे दादा गुडघ्यावर बसून फोटो काढायला लागले. लांब हरणांचा कळप उभा होता. मायनं नुसता हात वर केला आणि सगळी माणसं गप्प झाली. माझ्या एकाही सभेत इतकी शांतता झालेली नाही.

तिथंच त्या बाईंनी माझ्याकडं एकदा बघून पर्समधून पत्रक काढलं. "मावशी, मग ह्यात असं काय लिहिलंय? माळावर दगड आणि कुसळं सोडून काहीही नाही?"

माय हसली. "ज्यानं लिहिलं त्यानं ह्यो माळ बघितलेला न्हाय, ताई. शहरातलं कुणीतरी आसंल."

परतीच्या वाटेवर तीन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

फाटकात मालक पत्रक घेऊन उभा होता. आवाज चढवला नाही त्यानं. "मावशी, हे कुणी वाटलं?"

"मी," मी म्हणाले. "लिहिलंही मीच."

मायनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून सोसत नाही.

"तुमची मुलगी का?"

"व्हय, माझीच. दुसऱ्या कुनाची आसंल येवढी आगाऊ?"

"मग उद्यापासून तुम्ही भाकरीच बघा. फेरी राहू द्या."

माय म्हणाली, "मग भाकरी बी ऱ्हाऊ द्या, साहेब."

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, चहा ठेवला, मग म्हणाली, वाच त्यो कागद. सगळं वाच. मी वाचलं. स्वतःची उद्गारचिन्हं स्वतःच्या तोंडून ऐकणं ही शिक्षाच असते.

"शेवटचं वाटेचं खरं हाय," ती म्हणाली. "ते आदी लिहायचं व्हतं. पर तूच म्हनतीस माळावर काय न्हाय. मग त्यो म्हनंल, काय न्हाय तर बायांना वाट कशाला पायजे?"

मी कागदाची घडी घातली.

"माय, तुझी फेरी गेली माझ्यामुळं."

"गेली," ती म्हणाली. खोटं समजावणं तिला येत नाही. मग कपात अर्धा चहा ओतून माझ्याकडं सरकवला. "पी. निवतंय."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला तिनं मला हलवलं. तेच ठेवणीतलं लुगडं नेसलेली. "ऊठ. तुला दाखवते."

आम्ही ओढ्याकडून वळसा घालून गायरानात गेलो. ती एकेक गवत माझ्या हातात देत होती, मी नावं वहीत लिहून घेत होते, आणि दोनदा तिनं मला चुकीचं पातं तोडलं म्हणून झापलं. तारेजवळ आलो तर पलीकडं कालच्या बाई, पांढऱ्या बुटांचे दादा आणि आणखी चौघं उभे.

"मावशी, तिकडं उंटावर बसा म्हणतात. तुम्ही कुठं निघालात?"

"माळावर."

"आम्ही येऊ का?"

मायनं तंबूंकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "या की. गायरानात याला कुनाला इचारायचं?" तिनं काठीनं मधली तार वर उचलली आणि माझ्यावर ओरडली, "बघत काय बसलीस? खालची दाब पायानं. बाईंचा पदर आडकंल."

मी वही खाली ठेवली आणि तार दाबून धरली. एकेक जण वाकून आमच्या बाजूला आला.