पुढे पळणारी पोर

औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणाऱ्या त्या बाईला आपली मुलगी कधी वाचायला लागली ते कळलंच नाही. शाळा सुटली की पोर दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायची आणि गोळ्यांच्या खोक्यातले घडीचे कागद उलगडून बघायची. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "आजोबा, या गोळीनं गुंगी येते. सायकल चालवू नका हं." आईच्या हातातली बाटली हातातच राहिली. पोरीला नुकतं सहावं लागलं होतं.

वर्गात मात्र अजून 'कमळ' आणि 'बदक' चाललं होतं. पोर कंटाळायची, मध्येच उत्तरं द्यायची, बोलणी खायची. शेवटी आई मालकाची परवानगी काढून शाळेत गेली.

"बाई, हिला मोठ्या वर्गाची पुस्तकं द्याल का? कोपऱ्यात बसून वाचेल गुपचूप."

वर्गाच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "प्रत्येक आईला आपलं पोर हुशारच वाटतं हो. घोकून घेतलं असेल तुम्ही."

"घोकून घ्यायला मी घरी असते कुठे?"

बाई नुसत्या हसल्या. पण आई हार मानणारी नव्हती. तिनं शाळेचे उंबरे झिजवले. शिक्षकांच्या खोलीतून एकदा आवाज आला, "आल्या पंडितांच्या मातोश्री!" खसखस पिकली. तिनं ते गिळलं आणि आत गेली.

कंटाळून मुख्याध्यापकांनी एक दिवस पोरीला बोलावलं आणि चौथीचं पुस्तक पुढ्यात उघडून ठेवलं. पोरीनं पुस्तकाकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या वर्गाच्या बाईंकडे. आणि अक्षरावर बोट ठेवून अडखळू लागली, "न... दी... च्या..."

"अगं, नीट वाच ना!" आई कळवळून म्हणाली. पोरीनं मान खाली घातली.

"लेकराच्या असं मागे लागू नये," मुख्याध्यापक मायेनं म्हणाले. ती माया आईला थपडेसारखी लागली.

फाटकाबाहेर आल्यावर तिनं पोरीचा दंड धरला. "का गं असं केलंस?"

"पुढे पुढे वाचलं की बाई बाहेर उभं करतात. रोज."

"रोज? मग मला का नाही सांगितलंस?"

"तू परत शाळेत आली असतीस. तू आलीस की सगळे हसतात."

आईनं दंड सोडला. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. दुसरी शाळा लांब होती. न्यायचं-आणायचं कुणी, आणि दुकान कसं सुटणार? पोर वर्गाच्या चालीनं चालू लागली. स्टुलावर बसून ती आता रस्त्यावरच्या गाड्या बघायची.

चौथीत नव्या बाई आल्या, उत्साही. त्यांनी पुस्तकांच्या कपाटाची किल्लीच पोरीच्या हातात दिली. पोर रोज एक पुस्तक न्यायची आणि दुसऱ्या दिवशी न उघडता परत आणायची. नव्या बाईंनी आईला बोलावून घेतलं.

"मुलगी हुशार आहे हो," त्या हळहळून म्हणाल्या, "पण वाचनाची गोडी लहानपणीच लावावी लागते. तुम्ही तेव्हा थोडं लक्ष द्यायला हवं होतं."

आई "हो, चुकलंच," म्हणाली आणि दुकान उघडायला गेली.