उंदरांच्या रात्रीत लावलेला दिवा

प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल ते एकोणीस वर्षं करत होते. सगळे त्यांना काका म्हणत. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, एखादा उंदीर मेला तर वहीत लिहायचं. कोपऱ्यातल्या खोलीचं घड्याळ मात्र उलटं चालायचं. उंदीर रात्री जागतात, म्हणून बाहेर दुपार असली की आत रात्र, आणि उजेड फक्त एका मिणमिणत्या लाल दिव्याचा, जो उंदरांना जवळपास दिसत नाही.

तिथे संशोधन करणाऱ्या ताईने त्यांना एकदा समजावलं होतं, "पेशीत आरएनए कामाचे निरोप पोचवतो. निरोप जुना झाला की आरएनएचे तुकडे करणारी एन्झाइम्स असतात. त्यातलं एक रात्री वाढतं, म्हणून या खोलीतला अंधार मोडायचा नाही. ते एन्झाइम ज्यांच्यात नाहीच, ते उंदीर चरबी खाऊनही फुगत नाहीत का, हे बघतेय मी."

"मग माझ्यातलंही काढून टाका की," काका पोटावर हात फिरवत म्हणाले होते.

त्याच वर्षी काकांना मोतीबिंदू झाला. लाल उजेडात पिंजऱ्यांचे नंबर दिसेनात. सांगितलं तर घरी बसवतील, या धास्तीने ते गप्प राहिले आणि भुसा बदलताना पांढरा दिवा लावू लागले. दहा मिनिटांनी काय होतंय, असं स्वतःला बजावत.

तीन महिन्यांनी ताईचे आकडे पार विस्कटले. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. बाटल्या धुवायच्या खोलीत येऊन ती म्हणाली, "माझाच हात कुठेतरी चुकला असणार, काका."

काका हातातली बाटली पुन्हा घासत राहिले.

आठवड्याने त्यांनी घरी बायकोला सांगितलं. सगळं ऐकून बायको म्हणाली, "पोरीला रडवून नोकरी टिकवताय? उद्या जाऊन सांगा."

ताईने ऐकून घेतलं. ओरडली नाही. एवढंच विचारलं, "कधीपासून?" भुसा बदलल्याच्या तारखाही काकांच्या वहीत होत्या. ती वही घेऊन दोघं प्रमुखांकडे गेले. प्रमुखांनी ताईची माफी मागितली. काकांना त्यांनी दुसऱ्या खोलीचं काम दिलं, डोळ्यांच्या ऑपरेशनला रजाही दिली.

पण ते चौसष्ट उंदीर आता प्रयोगाच्या कामाचे राहिले नव्हते. त्यांना मारावं लागणार होतं. काकांनीच एकेक उचलून दिला.

ताईने वर्ष घालवून प्रयोग पुन्हा केला. शोधनिबंध छापून आला तेव्हा शेवटच्या आभारांत काकांचं नाव होतं.

"हे खोडता येईल का गं?" काकांनी विचारलं.

"छापून झालंय, काका."