बघून परत ठेवलेले पैसे

महिन्यातून एकदा मी माझे सगळे पैसे बघून यायचे. अगदी डोळ्यांनी. शाळा सुटली की पोस्टात जायचं, खातं बंद पडू नये म्हणून दोन रुपये सोडून बाकी सगळी रक्कम काढायचा फॉर्म भरायचा, नोटा हातात आल्या की भिंतीकडे तोंड करून मोजायच्या आणि मग त्याच खिडकीवर भरणा करून त्या परत ठेवायच्या. पासबुकातला आकडा म्हणजे शेवटी कुणीतरी शाईने लिहिलेला आकडा. मीही रोज फळ्यावर हजार आणि लाख लिहून पुसत होते, म्हणून काही श्रीमंत झाले नव्हते.

ही खोड मला उगीच लागलेली नव्हती. वडिलांनी आयुष्यभराची शिल्लक गावातल्या एका पतपेढीत ठेवली होती. त्यांच्या वहीतला आकडा शेवटपर्यंत चोख होता. पेढीला कुलूप लागलं त्या दिवशीही तो तसाच चोख होता. वही अजून माझ्याकडे आहे, पैसे कुणाकडे आहेत ते देवाला ठाऊक.

मला पैसे हवे होते ते दोन खोल्यांसाठी. लग्नानंतर दीड वर्षात मी विधवा होऊन बुऱ्हाणपूरला माहेरी परतले, पुढे मुलींच्या शाळेत नोकरी लागली, आणि गावातल्याच राजपुऱ्यात दादाच्या घरी राहू लागले. दादा चांगला होता, वहिनीही वाईट नव्हती. पण पाहुणे आले की माझं अंथरूण कुठे घालायचं याची चर्चा माझ्यासमोर व्हायची, आणि ती चर्चा ऐकताना मी हसतमुख राहायचं असा एक न लिहिलेला नियम होता. मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दोन खोल्या होत्या. दार वेगळं, नळ वेगळा. मुलाकडे जळगावला जायचं ठरलं की त्या विकायच्या आणि पहिल्यांदा मलाच विचारायचं, असं त्याने मला कबूल केलं होतं. तेव्हापासून पगारातला एक हिस्सा मी त्या दाराच्या नावाने बाजूला काढत होते.

कुठे ठेवायचा, यावर सल्ले देणारे खूप होते. दादा म्हणाला, माझ्या दुकानात लाव, व्याज देईन. म्हणजे माझ्या स्वातंत्र्याचे पैसे ज्याच्यापासून स्वतंत्र व्हायचं त्याच्याच गल्ल्यात. सोनार म्हणाला, सोनं घ्या. सोनं चांगलंच, पण सोनाराकडून घ्यावं लागतं. शाळेतल्या एका बाईंनी सरकारी सर्टिफिकिटं घेतली होती, बारा वर्षांनी पैसे. मी म्हटलं, बारा वर्षांनी हे सरकार असेल का? बाई हसल्या. पण पुढे खरंच राज्यांची फेररचना झाली, आमचं गाव जागच्या जागी राहिलं आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा त्याच बाई मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच विचारू लागल्या, आपल्या कागदांचं काय होणार हो? पोस्ट दिल्लीचं, त्याला भोपाळशी काही देणंघेणं नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना ते सांगितलं नाही. मलाच पुरती खात्री नव्हती.

त्या दिवसांत गावात अफवांना तोटा नव्हता. मराठी शाळा बंद होणार. पगार उशिरा होणार. नवं सरकार सगळ्यांची पासबुकं तपासून इन्कमटॅक्स लावणार. माझ्या पगाराला इन्कमटॅक्स लागायचा म्हणजे तो आधी कितीतरी पट वाढायला हवा होता. तरीही मी एका वकिलाला गाठून “माझ्या एका मैत्रिणीचे पैसे आहेत” म्हणून विचारून घेतलं. वकील म्हणाला, “तुमच्या मैत्रिणीला सांगा, निश्चिंत झोपा.” आता वकील फुकटात असं सांगतो तेव्हा त्यामागे काय असेल, याचा विचार मी दोन दिवस केला.

आणि नेमका त्याच सुमारास खिडकीमागचा आमचा जुना, ओळखीचा बाबू गेला आणि नवा आला. जबलपूरकडचा. बारीक चणीचा, तेल लावून चप्प बसवलेले केस, आणि बोलणं सगळं हिंदीत. मी पहिल्यांदा पैसे काढले, मोजले, परत भरले. तो बघत राहिला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात त्याने फॉर्म हातात धरून विचारलं, “बहनजी, निकालना ही है तो पहली-दूसरी तारीख को आया कीजिए ना. ये बीस-बाईस को क्यों आती हैं? नियम ऐसा है कि...”

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. “पैसे माझे आहेत, मी वाटेल तेव्हा येईन,” असं ठणकावून सांगितलं.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं. याला तारीख का ठरवून हवी? आधी कळलं तर त्या दिवसापुरते पैसे जागेवर आणून ठेवता येतात म्हणून! बाकीचे दिवस ते कुठे फिरत असतील कोण जाणे. त्या दिवसापासून मी मुद्दाम वेगवेगळ्या तारखांना जाऊ लागले. कधी बारा, कधी सत्तावीस, एकदा तर एकाच महिन्यात दोनदा. एक-दोन तारखेला मात्र चुकूनही नाही. तो दर वेळी काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि मी नोटा मोजत पाठ फिरवायचे. पैसे दर वेळी पुरे निघायचे. तरीही माझा संशय कमी झाला नाही, उलट माणूस हुशार आहे एवढंच नक्की झालं.

वर्षअखेरीला पासबुकात व्याज चढलं. शाळेतल्या शिपाईणबाईंच्या खात्यात माझ्या निम्मेसुद्धा पैसे नव्हते, पण त्यांना चांगले रुपयांत व्याज मिळालं होतं. माझ्या खात्यात काही नाही. आदल्या वर्षांची पानं उलटून पाहिली, तर तिथेही तीच गत. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं, कारण माझा सगळा जीव मुद्दलात अडकलेला. आता मात्र चोर सापडला होता.

मी वरच्या कार्यालयाला तक्रार लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्या रात्री ते फारच चांगलं आलं. बाबू मला ठरावीक तारखांना यायला सांगतो, खातेदाराच्या व्यवहारात नाक खुपसतो, आणि माझ्या व्याजाची रक्कम गायब आहे. जुन्या बाबूच्या काळातही व्याज नव्हतं, ही गोष्ट मी लिहिली नाही. तो आपला माणूस होता.

महिन्याभराने इन्स्पेक्टर आले आणि मला पोस्टात बोलावणं आलं. इन्स्पेक्टर वयस्क, शांत, मराठी बोलणारे. त्यांनी माझं पासबुक उघडलं नाही, पालथं घातलं. मागे बारीक अक्षरात छापलेले नियम होते. त्यातल्या एकावर बोट ठेवून ते म्हणाले, “बाई, महिन्याचे पहिले काही दिवस सोडले, तर त्यानंतर महिना संपेपर्यंत खात्यात कमीत कमी जेवढी रक्कम असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. तुम्ही दर महिन्याला मध्येच दोन रुपयांवर खातं आणता. अर्ध्या तासासाठी का होईना, आणताच ना? मग व्याज दोन रुपयांवरच. तुमचं व्याज कुणी खाल्लं नाही. ते तुम्हीच खाल्लंत.”

बाबू बाजूला उभा होता. पहिल्या-दुसऱ्या तारखेला काढून लगेच भरले असते, तर व्याज बुडालं नसतं. तेवढंच तो बिचारा सांगू पाहत होता. मला इतकी लाज वाटली की माझ्याने त्याच्याकडे बघवेना. आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जन्माचा दोष. मी म्हणाले, “मग हे आधी नीट का नाही सांगितलं?” इन्स्पेक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. तो फक्त म्हणाला, “गलती हो गई, साहब.” मी ते तसंच राहू दिलं. तक्रार मागे घेते असं मी लिहून दिलं, पण “गैरसमज माझा होता” हे वाक्य त्यात घातलं नाही. ते घालायला हवं होतं, हे मला लिहितानाच कळत होतं.

चौकशीमुळे त्याची कायम होण्याची फाइल अडली आणि त्याला खकनारच्या लहान पोस्टात पाठवलं, हे मला शिपाईणबाईंकडून कळलं. मी चार दिवस अस्वस्थ होते. मग परीक्षा आल्या.

त्यानंतर मी पैसे बघायला जाणं सोडलं. वर्षभराने बदल्यांच्या नव्या याद्या निघाल्या आणि माझं नाव निघालं ते खकनारच्या शाळेवर. मी तिथे एक खोली भाड्याने घेतली आणि खातंही तिकडे वळवून घेतलं. खिडकीमागे तोच होता. पासबुक देताना मी “नमस्ते” म्हटलं. त्याने नमस्ते केलं, पासबुकात नोंद केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मला तिथे वीस दिवस झाले असतील, तोच शिंप्याचा निरोप आला. मुलगा न्यायला आलाय, रविवारी निघतोय, केळीचा एक व्यापारी रोख घेऊन दारात बसलाय, पण शब्द तुम्हाला दिलाय, तर शनिवारपर्यंत पैसे घेऊन या. माझ्याजवळ पुरे पैसे होते. बुडालेल्या व्याजाशिवायही पुरे होते. शुक्रवारी मी खिडकीवर फॉर्म दिला.

त्याने तो वाचला आणि परत सरकवला. “बहनजी, आपके दस्तख़त का कार्ड अभी बुरहानपुर से आया नहीं. मिलान किससे करूँ?”

मी म्हणाले, “कार्ड कशाला? तुम्ही मला ओळखता की. तिथे किती वेळा तुमच्याच हातून पैसे घेतलेत मी.”

“नियम में है, किसी जाने-माने आदमी की गवाही चलेगी. दो लाइन लिखवा लाइए कि आप वही हैं.”

“अहो, पण तुम्हीच ओळखता ना?”

त्याच्या तोंडावर राग नव्हता, मी नीट पाहिलं. “पहचानता हूँ,” तो म्हणाला. “पर मेरे पहचानने पर कल कोई अर्ज़ी लिख दे, तो? मेरे दो बच्चे हैं, बहनजी.”

मी फॉर्म परत घेतला.

मी हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, तुम्ही येऊन वीस दिवस झाले. शाळेपुरतं ठीक आहे, पैशाच्या बाबतीत मी कसं लिहून देऊ?” घरमालकाकडे जाण्यात अर्थ नव्हता. भाड्याची पावती मागून मी पहिल्याच दिवशी त्याच्याशी वाकडं घेतलं होतं. दूधवाल्याचं माप मी तीनदा तपासलं होतं. त्या गावात माझ्यासाठी दोन ओळी लिहील असं माणूस मला सापडलं नाही, आणि कुणालाही दोष द्यायची सोय नव्हती. शनिवारी सकाळच्या बसच्या कंडक्टरबरोबर मी शिंप्याला निरोप धाडला: पैसे आहेत, कार्ड अडलंय, सोमवारी आणते, थांबा.

कार्ड सोमवारी आलं. बाबूने स्वतः शाळेत माणूस पाठवून मला कळवलं. नोटा घेऊन मी तशीच निघाले, तर त्याने हाक मारून थांबवलं. “गिन लीजिए.” मी म्हणाले, “नको, राहू द्या.” “नहीं, यहीं गिनिए, सबके सामने.” पोस्टमन होता, दोन शेतकरी होते, त्यांच्यासमोर मी मोजल्या. मग त्याने माझ्याकडून लिहून घेतलं की रक्कम पुरी मिळाली, आणि त्याखाली पोस्टमनची सही घेतली. मी सगळं निमूट केलं.

बुऱ्हाणपूरला पोचले तेव्हा दुपार झाली होती. शिंपी अजून गावातच होता, समोरच्या ओसरीवर बांधलेल्या गाठोड्यांमध्ये बसलेला. रविवारची गाडी चुकली होती, आता संध्याकाळची होती. खोल्यांना नवं कुलूप होतं.

“कागद काल झाला, बाई,” तो म्हणाला.

“माझा निरोप नाही मिळाला?”

“मियाला ना. पण निरोप काय, कोनीबी धाडते. मले वाटलं, बाईजवळ पैसे नाहीतच, उगी लटकावून राह्यली मले.” माझ्याकडे न बघता तो गाठोड्याची गाठ घट्ट करत राहिला. “डोयांनी पाह्यले असते, त थांबलो असतो.”

मी पिशवीतून नोटांचं पुडकं काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने ते पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, “आता ठेवा आत, बाई. रस्त्यात कोनी पाहीन.”