होणाऱ्या जावयाला शून्य गुण

सोलापुरातल्या एका हायस्कुलात कमलाकर मास्तर गणित शिकवत. पोरं त्यांच्या छडीला भीत नसत, रीतीला भीत. "उत्तर काय, शेजाऱ्याच्या पाटीवरही असतं! रीत दाखव!" हे त्यांचं रोजचं गर्जन. काळ आणि वेगाच्या गणितात तर रीत एकच, गुणोत्तराची. त्यात क्ष आणून समीकरण मांडणं म्हणजे समोरच्या घरी जायला टांगा करणं, असं त्यांचं मत होतं.

हे मत शाळेत ठेवून घरी यावं, तर तेही नाही. यशोदाबाईंनी भाजी आणायला सांगितली की मास्तर म्हणत, "चालण्याचा वेग दीडपट केला तर वेळ दोन-तृतीयांश लागेल." हे पटवून देईपर्यंत मंडईतली चांगली वांगी संपत.

मुलगी शकुंतला लग्नाची झाली होती. आधीची दोन स्थळं पत्रिकेवरून फिसकटली. तिसरं करमाळ्याचं. मुलगा मुकुंद तिथल्या कचेरीत कारकून. आईबाप नव्हते, वाढवलं ते आत्यानं, दाक्षायणीबाईंनी. दोघं मुलगी बघायला आली, तेव्हा शकुंतलेनं माजघराच्या दाराआडून पाहून घेतलं आणि आईच्या कानात सांगितलं, "हे चालतील."

"ऐकलंत का?" यशोदाबाईंनी मास्तरांना आत बोलावून बजावलं. "आज गणित नको. हात जोडते."

"मी काय खुळा आहे?" मास्तर म्हणाले.

पोहे झाले. शकुंतला येऊन बसली. शिवण येतं, वाचन येतं, जिलबीही येते, असं ठरलं. आत्याबाईंचा चेहरा निवळला होता. एवढ्यात मुकुंद सहज बोलून गेला, "यायला जरा उशीर झाला. टांग्याचं घोडं फार हळू चालत होतं."

"किती हळू?" मास्तर पुढे सरकले.

"अहो!" यशोदाबाई दारातून म्हणाल्या.

"सहज विचारतो. समजा मुकुंदराव, तुम्ही रोजच्या तीन-चतुर्थांश वेगानं चाललात, आणि कचेरीत दहा मिनिटं उशिरा पोचलात. तर रोज किती वेळ लागतो?"

मुकुंदानं पाटी मागितली. क्ष मांडला, मग य मांडला, य पुसला, कपाळ पुसलं. चहावर साय धरली. अखेर तो म्हणाला, "तीस मिनिटं."

"उत्तर बरोबर," मास्तर म्हणाले. मुकुंद हसला. "रीत चुकली. शून्य."

मग आत्याबाई शालू सावरत उठल्या. "आम्ही मुलगी बघायला आलो होतो मास्तर, मुलाची परीक्षा द्यायला नव्हे. मुकुंदा, चल. करमाळ्याला परतायचं तर जेऊरची गाडी चुकायला नको."

टांगा दारातच होता. तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला, आणि आतून शकुंतलेचं मुसमुसणं ऐकू आलं.

"जा, त्यांना परत आणा," यशोदाबाई म्हणाल्या.

"कसं आणू? टांगा माझ्या तिप्पट वेगाचा. सारख्या वेळात अंतरंही तीनास एक. म्हणजे आमच्यातलं अंतर वाढतच…"

"पळा आधी!"

मास्तर पळाले. वहाणा हातात, धोतराचा सोगा खांद्यावर. पेठेतल्या पोरांनी दुकानांच्या फळ्यांवर उभं राहून हा सोहळा पाहिला. प्रत्येक पावलाला मास्तरांना कळत होतं की हे गणित सुटणारं नाही. पण मागे मुसमुसणं होतं.

स्टेशनच्या रस्त्याला वळले, तर टांगा उभा! बिरप्पा धनगराची मेंढरं सगळा रस्ता भरून निवांत चालली होती.

"बाजूला घे की रे ही!" टांगेवाला ओरडत होता.

"माजं काय ऐकत्यात व्हय ती?" बिरप्पा म्हणाला. "तूच सांग. तुजा आवाज लई मोटा हाय."

मास्तर टांग्याचा दांडा धरून धापा टाकू लागले. आत्याबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"मुकुंदराव," मास्तर म्हणाले, आणि थांबले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी कुणाही पोराला ऐकवलं नव्हतं. इन्स्पेक्टरानं सांगूनही नाही. "तुमची… तुमचीही रीत बरोबर होती. पूर्ण गुण."

आत्याबाईंनी मान किंचित इकडे केली.

मुकुंदानं पुढची मेंढरं पाहिली. तेवढ्यात त्यांच्यात फट पडली आणि टांगेवाल्यानं चाबूक उचलला. मुकुंदानं त्याचा हात धरला. "पण गुरुजी, गुणोत्तरानं ते कसं करायचं होतं?"

मास्तरांची धाप कुठल्या कुठे गेली. "अहो, सोपं आहे! वेगांचं प्रमाण तीनास चार. मग वेळांचं उलट, चारास तीन. फरक एका भागाचा, आणि तो एक भाग म्हणजे दहा मिनिटं. रोजचे भाग तीन. झालं!"

"उलट का?"

"हळू चाललं की वेळ जास्त लागतो म्हणून!"

"असं होय. पुन्हा एकदा सांगता?"

"मुकुंदा, गाडी!" आत्याबाई म्हणाल्या.

"फक्त एकदा, आत्या."

दुसऱ्यांदा सांगताना मास्तरांनी टांग्याच्या चाकावर बोटानं भाग पाडून दाखवले. तिसऱ्यांदा सांगताना स्टेशनातून गाडीची शिट्टी झाली, आणि जेऊरकडे निघालेल्या त्या गाडीचा धूर झाडांवरून हळूहळू सरकत गेला. आत्याबाईंनी आधी धुराकडे पाहिलं, मग भाच्याकडे, आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "वळव. मुक्काम मास्तरांकडेच."

मास्तर मागच्या बैठकीवर मुकुंदाशेजारी चढले. पोरगा डोक्यानं जरा मंद आहे, असं त्यांना मनातून वाटत होतं; पण शिकायची हौस मात्र दांडगी! अशा मुलाला मुलगी द्यायला हरकत नव्हती.