रजिस्टरवर बसलेला माणूस

मुलांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला भेटलेला सगळ्यांत उद्धट माणूस आणि सगळ्यांत सभ्य माणूस एकच होता, आणि तो आमच्या लायब्ररीत कॉम्प्युटरशेजारच्या लाकडी खुर्चीवर बसत असे. खोटं वाटत असेल तर तुमच्या आईला विचारा. तिने एकदा तिकडून, परदेशातून, लायब्ररीत फोन करून विचारलं होतं की आई तिथे आली आहे का. मी त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये शांतपणे सांगितलं, "इथे कोण आलं, कोण नाही, ते आम्ही कोणाला सांगत नाही," आणि फोन ठेवून दिला. मग मला म्हणाले, "तुमच्या मुलीचा होता. पाहिजे तर लावा परत." तुमची आई त्यानंतर वर्षभर त्यांना 'तो राक्षस' म्हणत होती.

ते मिलमध्ये टाइम ऑफिसात होते, म्हणून सगळे त्यांना टाइमबाबू म्हणत. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली एक खिडकी. कोणता कामगार किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, ह्याची तिथे नोंद होई. ज्या माणसाने सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं येणंजाणं लिहिलं, त्याला 'कुठे निघालात?' विचारलेलं खपू नये, ह्याचं मला सुरुवातीला फार हसू यायचं. कारण पुढे कळलं. पाळी सुटली की गेटवर प्रत्येकाची झडती व्हायची. दरवान खिसे चाचपायचा, डबा उघडून पाहायचा. टाइमबाबूंचाही. मिल बंद होण्याच्या शेवटच्या दिवशीसुद्धा, आत सूत नाही, कापड नाही, मशिनींना कुलपं, तरी त्यांचा डबा उघडला गेला. "सव्वीस वर्षं रिकामा डबा उघडून पाहिला त्यांनी," ते एकदाच मला म्हणाले, "आणि एकदाही सॉरी नाही बोलले." त्यानंतर त्यांनी जी प्रतिज्ञा केली असेल ती त्यांनी कोणाला सांगितली नाही, पण सगळ्या इंदूरने भोगली.

सकाळी पोहे खायला गेले आणि दुकानदाराने सवयीने "और भिया, क्या चल रिया है?" विचारलं, की हे विचारत, "क्यों?" बस, एवढंच. पोहेवाला जिलेबी देताना दोन मिनिटं विचारात पडे. तेव्हा नवी नवी दुकानं निघत होती, रोज काही तरी उद्घाटन, आणि दाराशी सुंदर मुली चिठ्ठ्या वाटत: नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख भरा आणि बक्षीस जिंका. आम्ही सगळे हौसेने भरायचो. मी तर ब्लॉक कॅपिटल्समध्ये भरायचे. टाइमबाबूही भरत, पण दुकानावरची पाटी वाचून त्याच दुकानदाराचं नाव आणि त्याच दुकानाचा पत्ता. पलासियाला एका दुकानात प्रेशर कुकर निघाला तो ह्या पद्धतीने मालकालाच लागला, आणि त्या बिचाऱ्याला स्वतःच्या हाताने स्वतःला कुकर देतानाचा फोटो काढून घ्यावा लागला. जनगणनेवाला आला तेव्हा मात्र त्यांनी सगळं खरं सांगितलं म्हणे. "तो सरकारकडून आला होता आणि कशासाठी पाहिजे ते सांगून विचारत होता," असा खुलासा केला. कशासाठी हे आधी सांगायचं आणि मग विचारायचं, असा त्यांचा जगाला साधा हिशेब होता.

मिल बंद झाल्यावर त्यांना आमच्या लायब्ररीत जागा मिळाली. त्याच सुमारास अध्यक्षांनी लायब्ररीला एक कॉम्प्युटर दिला आणि त्याच्यावर त्या कॉम्प्युटरपेक्षा मोठी संगमरवरी पाटी लावली. मी तेव्हा मानद सचिव होते. इंटरनेट लावलं की तो डबा खोकल्याच्या उबळीसारखा आवाज काढायचा आणि लायब्ररीचा फोन बंद पडायचा. ज्यांची मुलं बाहेर गेली होती असे आम्ही सगळे म्हातारे जिने चढून ई-मेल करायला येत होतो. टाइमबाबू कॉम्प्युटर सहा महिन्यांत शिकले आणि लगेच आम्हाला शिकवायला लागले. दर गुरुवारी चार वाजता, वाचनकक्षात, फळ्यावर. त्यांनी कॉम्प्युटरभोवती मिलच्या जाड चादरीचा पडदा शिवून लावला. जमिनीवर खडूने रेघ मारली. एकाचं काम चालू असताना दुसऱ्याने रेघेच्या आत यायचं नाही. कोणी पासवर्ड टाइप करू लागलं की हे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहत, देवापुढे उभं राहावं तसे. काम संपलं की लॉग आउट केल्याशिवाय कोणाला जिन्यापर्यंत जाऊ देत नसत. एका निवृत्त हेडमास्तरांनी नातवाचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं, तर त्यांना भर वर्गात ऐकवलं, "गुरुजी, ज्या नावाने तुम्ही रोज संध्याकाळी गॅलरीतून हाका मारता तो पासवर्ड नाही, ती दवंडी आहे." हेडमास्तर तीन गुरुवार आले नाहीत. चौथ्या गुरुवारी आले ते नवा पासवर्ड घेऊन, आणि कोणाला सांगता येत नाही म्हणून फार अस्वस्थ होते.

आता माझ्या चुकीबद्दल लिहिते. तुम्हाला माहीत आहे, माझ्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा लेबलं असतात. लोक पासवर्ड विसरायचे आणि मग रडकुंडीला यायचे, म्हणून मी एक रजिस्टर केलं. जाड पुठ्ठ्याचं, पानांवर नंबर, लायब्ररीचा शिक्का. त्यात तेवीस सभासदांची नावं आडनावांच्या क्रमाने, ई-मेलचा पत्ता, आणि समोर पासवर्ड, माझ्या उत्तमोत्तम अक्षरात. लोकांनी आनंदाने सांगितले. ज्या बाईंनी माहेरच्या नावाने खातं उघडलं होतं त्यांचं सासरचं नाव मी शिस्तीने कंसात घातलं, म्हणजे शोधायला सोपं. अध्यक्षांनी वार्षिक सभेत त्या रजिस्टरचं कौतुक केलं, टाळ्या पडल्या. टाइमबाबूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सभा संपल्यावर मला म्हणाले, "ताई, तुम्ही तेवीस जणांच्या घराच्या किल्ल्या एका खिळ्याला टांगल्या. बहुत सुंदर टांगल्या." मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही.

आणि मग एका मंगळवारी साडेअकरा वाजता अध्यक्ष आले. माणूस तसा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. लायब्ररीसाठी त्यांनी पुष्कळ केलं. त्यांना फक्त घरातलं प्रत्येक पाकीट आपण फोडायचं असतं असं मनापासून वाटे. त्यांची सून आमची सभासद होती, शिकलेली, गप्प मुलगी. पुस्तकं बदलायला यायची आणि जाताना पंधरा मिनिटं पडद्यामागे बसायची. अध्यक्ष मला म्हणाले, "ताई, ते पासवर्डचं रजिस्टर द्या जरा. आमच्या सूनबाईंचा पत्रव्यवहार आजकल फार वाढलाय. कोणाला लिहिते, काय लिहिते, बघून घेतो."

मी काय केलं असेल? मी कपाट उघडलं. रजिस्टर लायब्ररीचं, ते लायब्ररीचे अध्यक्ष, माझ्या डोक्यात दुसरा रकानाच नव्हता. मी ते पुढे केलं तेव्हा मध्येच टाइमबाबूंचा हात आला. त्यांनी ते घेतलं, खुर्चीवर ठेवलं, आणि त्याच्यावर बसले.

अध्यक्ष म्हणाले, "उठा."

"पाच वाजता उठतो साहेब. ड्यूटी पाचपर्यंत आहे."

"मी इथला अध्यक्ष आहे."

"म्हणूनच पाचला देतो बोललो. दुसऱ्या कोणाला दिलंच नसतं."

अध्यक्षांना शुगर होती. एकला जेवण आणि चारपर्यंत झोप, ह्यात बदल होत नसे. ते काठी आपटून म्हणाले की बरोबर पाचला येतो, आणि हे तुमचं इथलं शेवटचं पाच समजा. ते जिना उतरले तेव्हा टाइमबाबूंनी घड्याळ पाहिलं आणि मला विचारलं की सगळ्यांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत ना. हा प्रश्न माझा अपमान होता. नंबर मला पाठ होते.

मी म्हटलं, रजिस्टर फाडून टाकू. ते म्हणाले, "फाडलं तर आपण चोर. देऊ ना त्यांना. फक्त आतले सगळे पासवर्ड शिळे झालेले असतील." मग एकट्या त्या मुलीचाच बदलू, सोपं पडेल, असं मी सुचवलं. ते मान हलवून म्हणाले, "तिचा एकटीचा बदलला तर सासऱ्याला समजेल. तेवीसांचे बदलले तर ती शिस्त. तुमची आवडती."

लायब्ररीचा फोन इंटरनेटला लागलेला, म्हणून मी समोरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन बसले आणि अकारविल्हे फोन लावले. काचेच्या खोलीतून माझा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जात असावा, कारण सातव्या फोनला बूथवाल्याने विचारलं, "आंटीजी, ये सबको क्या बदलने का बोल रिये हो?" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसाला म्हटलं, "क्यों?"

लोक आले. काही जेवणावरून उठून आले. हेडमास्तर स्कूटरवरून आले. टाइमबाबू बसल्या जागेवरून एकेकाला सांगत होते, काय दाबा, कुठे दाबा, आणि उठून उभं राहता येत नव्हतं म्हणून दर वेळी खुर्चीतच मान मुरगळून भिंतीकडे बघत होते. ज्याला जुना पासवर्ड आठवेना त्याच्यापुरते अर्धे उठत, पान काढत, आणि वर-खाली दोन फूटपट्ट्या धरून फक्त त्याची ओळ त्याला दाखवत. डबा त्यांनी तिथेच, रजिस्टरवर बसूनच, खाल्ला. तीन वाजेपर्यंत एकवीस झाले. राहिली अध्यक्षांची सून, आणि कंसातल्या बाई. त्या दोघींच्या घरी फोन करायचं मी टाळत होते, कारण ते घर एकच होतं.

मी हळूच म्हटलं की ती काही येऊ शकणार नाही. तिचा पासवर्ड तुमच्या खालीच आहे, तुम्हीच उघडा आणि बदलून टाका, तिच्या भल्यासाठीच आहे. टाइमबाबू पहिल्यांदा चिडले.

"भल्यासाठी? गेटवरचा दरवान पण मिलच्या भल्यासाठीच डबा उघडायचा, ताई. तिची चिठ्ठी मी उघडली तर सासऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? ती येईल, नाही तर नाही येणार. मी हात लावणार नाही."

मी परत बूथवर गेले. फोन अध्यक्षांच्या पत्नीनेच उचलला. मी म्हटलं, वहिनी, लायब्ररीत थोडं काम आहे, सूनबाईंना पाठवता का, आणि तुमचंही... पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे झोपलेत. आम्ही भाजी आणायला निघतोच आहोत."

पावणेचारला दोघी आल्या, हातात रिकामी पिशवी. सून पडद्याकडे वळली तर सासूने तिचा हात धरला आणि म्हणाली, "थांब गं. आधी माझा. तुझ्यापेक्षा माझी जास्त वर्षं झाली त्या घरात." मग दोघींनी आपापला बदलला. टाइमबाबू भिंतीकडे, मीही भिंतीकडे. माझ्याच लक्षात आलं नाही मी कधी वळले ते.

पाचला अध्यक्ष आले. टाइमबाबू उठले, दोन्ही हातांनी रजिस्टर दिलं आणि म्हणाले, "घ्या साहेब. शब्द दिला होता." अध्यक्षांनी सुनेचं नाव शोधलं, एका बोटाने पासवर्ड टाइप केला. लाल अक्षरं आली. परत केला. परत आली. मग पान उलटताना त्यांची नजर त्या कंसावर गेली आणि तिथेच राहिली. "ही पण?" त्यांनी कोणालाच न विचारता विचारलं. त्यांनी रजिस्टर मिटलं, आणि जिना उतरताना त्या दिवशी काठी वाजली नाही.

पुढच्या महिन्याच्या सभेत टाइमबाबूंना मुक्त केलं गेलं. मी राजीनामा दिला, इंग्रजीत, कारण मला भांडायला इंग्रजी बरं पडतं. ते मात्र मजेत होते. मला म्हणाले, "मिल गेली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. ही नोकरी मी स्वतः घालवली. फरक आहे, ताई." नंतर ते पलासियाला कोचिंग क्लासांच्या गर्दीतल्या एका सायबर कॅफेत जाऊन गिऱ्हाइकांना लॉग आउट करायला लावू लागले. मालकाने आधी हाकललं, आणि मग मुलींची गर्दी वाढलेली पाहून ठेवून घेतलं.

पाच-सहा वर्षांनी ते गेले. लायब्ररीच्याच हॉलमध्ये शोकसभा झाली आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. उभी राहिल्यावर समजलं की त्यांचं मूळ गाव कोणतं, त्यांना भाऊ-बहीण किती, मला काहीच माहीत नाही. मग मी तो मंगळवार सांगितला, नावं गाळून. सभेला अध्यक्षांची सून आली होती, आता दुसऱ्या शहरात असते, केस थोडे पांढरे झालेले. जिन्यात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "काकू, तेव्हा त्या मेलमध्ये काय होतं, सांगू तुम्हाला? आता काही हरकत नाही."

मुलांनो, मला किती जाणून घ्यायचं होतं! अजूनही आहे. पण मी "नको गं," म्हटलं आणि तिच्या गालावरून हात फिरवून जिना उतरले. कोपऱ्यावर रिक्षा मिळेपर्यंत मला त्याचा पश्चात्ताप होत राहिला. ऐकून घेतलं असतं तरी मला रागवायला आता कोणी नव्हतं.