पावसाचा राहिला

फोटोकाका बसलेले असले तरी दमलेले दिसत. जठारपेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला गेलं की आधी ते लांबलचक उसासा टाकत आणि मग समोरच्याची हनुवटी सरळ करत. "थकलात का काका?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "थकलो नाई, सूनबाई. थकून राहिलो."

मी पुण्याहून लग्न होऊन अकोल्यात, त्यांच्याच गल्लीत आलेली. हे 'राहिलो' माझ्या कानाला कायमच्या मुक्कामासारखं वाटे. थकून राहिला म्हणजे थकूनच राहिला, संपलं. शेवटी काकांनीच एकदा वैतागून शिकवणी घेतली. "तुमच्या पुण्यात राहिला म्हंजे उरला. आमच्या इथं राहिला म्हंजे काम चालू आहे."

त्यांचं एक काम खरंच कायम चालू होतं. मेळघाटात, धारणीच्या अलीकडे नदीवर छप्पर असलेला एक जुना पूल होता. इंग्रजांच्या काळातला, सागवानी फळ्या पावसानं कुजू नयेत म्हणून वर कौलं घातलेली. काठावरच्या एकाच दगडावर उभं राहून त्याचे तिन्ही ऋतूंतले फोटो काढायचे, हा काकांचा ध्यास. उन्हाळ्यातला झाला होता: कोरडी नदी आणि छपराच्या सावलीला टेकलेल्या कोरकू बाया. हिवाळ्यातलाही झाला होता. त्यात धुक्यामुळे पूल दिसतच नव्हता, नुसतं छप्पर होतं. पावसाळ्यातला तेवढा नव्हता. स्टुडिओच्या भिंतीवर दोन फोटोंशेजारी रिकामा खिळा ठोकून ठेवलेला. एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "माणसाचा फोटो मिनिटात निघते. पुलाले वर्ष लागते." त्यांचं ते वर्ष काही सरत नव्हतं. दर श्रावणात ते परतवाड्याला गाडी बदलून निघत, आणि वाटेतल्या नाल्याला पूर आला की तीच एसटी त्यांना परत आणून सोडी.

गेल्या वर्षी शेजारी सिमेंटचा नवा पूल झाला. जुना आता पाडणार, अशी बातमी आली. काकांचे गुडघे तोवर पार गेले होते, म्हणून मी सोबत निघाले. छत्री धरायला कोणीतरी हवं, एवढीच माझी लायकी. गाडी नाल्याशी थांबलीच. "पाणी उतरल्याबिगर नाई जात, बाबा," ड्रायव्हर म्हणाला. काका तरी खाली उतरले आणि कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून पावसात नाल्याकडे बघत उभे राहिले. संध्याकाळी गाडी उलटी फिरली. परतीच्या वाटेवर ते कॅमेरा पुसत बसले. मीही दमले होते आणि त्यांच्यावर चिडलेही होते. एका पुलापायी माणसानं किती जीव आटवावा!

त्या भिजण्याचं निमित्त झालं. भाद्रपदात त्यांच्या मुलाचा फोन आला, "वहिनी, बाबा जाऊन राहिले." नवी नवरी असते तर काका गेले असं समजून घरीच रडत बसले असते. आता कळलं, अजून वेळ आहे. होते तशी दवाखान्यात धावले. काकांनी डोळे उघडले आणि तो ओळखीचा उसासा टाकला.

"थकलात का काका?" सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"थकलो, सूनबाई," ते म्हणाले. "पावसाचा राहिला."

तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच माझ्या अर्थानं वापरला. मला तो सहन झाला नाही.

त्यांचे दिवस झाल्यावर मुलाकडून कॅमेरा मागून घेतला आणि एकटीच निघाले. या वेळी गाडी गेली. पुलाची एका बाजूची कौलं उतरवून झाली होती, खाली नदी दुथडी भरून वाहत होती. काकांचा दगड कुठंच दिसेना. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, पावसाळ्यात तो पाण्याखालीच जातो. तिथून पावसाचा फोटो कधी निघणारच नव्हता, आणि काकांना ते ठाऊक नव्हतं. मी मागच्या चढावर गेले, छत्री मानेत धरली आणि डोळे पुसून कॅमेरा डोळ्याला लावला.

पलीकडच्या टपरीवरून चहावाला ओरडला, "काय करून राहिल्या बाई, इतक्या पाण्यात?"

इतक्या वर्षांत जिभेवर न बसलेलं आपसूक आलं.

"काकाचा फोटो काढून राहिली, दादा!"