पट्टीचे स्क्रू

मधुकर गेल्याचं मला हिंगण्याला, आमच्या कंपनीच्या बसथांब्यावर कळलं. सांगणाऱ्यानं आधी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा रस्त्याच्या कडेला पचकन थुंकला, हनुवटी पुसली आणि म्हणाला, "तुमचा तो खापरखेड्याचा ट्रेलरवाला गेला म्हणते. सकाळीच. हार्टनं." एवढंच. आयुष्यभर ज्यानं वीजकेंद्रात नकाशे काढले, त्याची शेवटची ओळख ही. मला त्या थुंकीची किळस आली आणि त्या बोलण्याचीही. पुढे त्याच्या कॉलनीत शोकसभा झाली, तिथे तर कहरच. ज्यांनी त्याच्या ट्रेलरला कोंबड्यांचं खुराडं म्हणून नावं ठेवली, तेच माइकसमोर डोळे पुसत त्याला 'कल्पक' आणि 'हरहुन्नरी' म्हणत होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! मला बोलायला सांगितलं, मी उठलो नाही. का उठलो नाही, ते आता महिन्याभरानं वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहितो आहे.

मधुकरनं तो ट्रेलर बांधला, त्याला कारण ढेकूण. लग्नानंतर त्याची बायको, शांतावहिनी, एकदाच पचमढीला गेल्या होत्या. लॉजच्या गादीत ढेकूण, उशीला दुसऱ्या कुणाच्या डोक्याचं तेल, आणि संडासाबद्दल तर बोलायलाच नको. दुसऱ्याच दिवशी त्या परत आल्या आणि पुन्हा मुक्कामाला म्हणून घर सोडलं नाही. माहेरीसुद्धा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मधुकर फिरण्याचा वेडा, पण त्यांना सोडून जायचा नाही. आणीबाणीच्या आसपास त्यानं लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि मला म्हणाला, "दिगू, तिले लॉज नाही चालत ना? मंग मी खोलीच संग घेऊन जातो."

जीपमागे ओढायची चाकांवरची खोली म्हणजे तो ट्रेलर. सागाची चौकट, वरून ॲल्युमिनियमचे पत्रे, आत दोन बाकं, वहिनींनी शिवलेले पडदे... सगळं झालं. राहिली ती कडेची पट्टी. कोपऱ्यात दोन पत्रे भेटतात तिथली फट झाकायची आणि पाणी अडवायचं, एवढंच तिचं काम. ती बसवायच्या स्क्रूंपाशी गाडं अडलं. खिळे नकोत, हादऱ्यानं निघतात. रिव्हेट नकोत, पट्टी पुन्हा उघडता येत नाही. पितळी स्क्रू दाखवले तर म्हणाला, "पितळाचं अन् ॲल्युमिनियमचं जमत नाही गा. पाणी लागलं का पत्रा खाल्ला जाते." त्याला हवे होते स्टेनलेसचे, आणि ते तेव्हा नागपुरात सहजी मिळत नसत. चांगलं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक खिशात घालून तो रविवारी लकडगंजातली दुकानं पालथी घालायचा, मी सोबत. दुकानदार 'असली स्टील' म्हणून पुडी ठेवायचा, मधुकर चुंबक धरायचा आणि टक्क करून सगळे स्क्रू त्याला जाऊन चिकटायचे. "लोखंडच आहे, वरून पॉलिश मारून राहिले." एक दुकानदार वैतागून म्हणाला, "साहब, स्क्रू लेना है कि रिश्ता करना है?" मी खो खो हसलो. खरं सांगायचं तर मला त्याच्या चोखंदळपणाचा उबग आला होता. नागपूरचं ऊन, रविवार वाया, आणि कशासाठी, तर स्क्रू!

त्या उन्हाळ्यात तो तापानं पडला. म्हणाला, "तू कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करतं, तुले समजते. तूच आण." मी गेलो. पहिल्याच दुकानात चकचकीत पॉलिशचे स्क्रू घेतले. लोखंडाचे, हे पक्कं माहीत असून. चालते, कोण पाहते, ही आमच्या स्टोअरमधली जुनी सवय; तिचा मला आज जितका तिटकारा आहे तितका तेव्हा असता तर! पुडी त्याच्या हातात देत मी म्हणालो, "स्टेनलेस आहेत. मी स्वतः पाहिले." चुंबक त्याच्या उशाशीच होतं. त्यानं त्याला हातही लावला नाही. "तू पाह्यले म्हंजे झालं," म्हणाला.

दिवाळीनंतर ते दोघं चिखलदऱ्याला गेले. वहिनी चार दिवस राहिल्या. परतल्यावर माझ्यापुढे चिवड्याची बशी ठेवत म्हणाल्या, "भाऊजी, आपल्याच चादरीवर झोपून डोंगर पाह्यला मी." त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पुढचा पावसाळाभर ट्रेलर क्वार्टरसमोर उभा होता. दसऱ्याला पूजेसाठी दार उघडलं, तर आतून कुबट भपकारा आला. स्क्रू गंजून पट्टी सुटली होती. गाद्यांवर काळी बुरशी, बाकाखाली गोमी. वहिनींनी नाकाला पदर लावला. "हेबी लॉजच झालं," म्हणाल्या. मधुकर खाली मान घालून म्हणाला, "माह्यीच चूक. पट्टी कच्ची बसवली म्या." मी शेजारीच उभा होतो. मी म्हणालो, "होतं असं."

वहिनी पुन्हा कधीच कुठे गेल्या नाहीत. मधुकरनं नवे स्क्रू मिळवून पट्टी परत बसवली, गाद्या बदलल्या, पण त्यांनी त्यात पाय ठेवला नाही. पाहुण्यांसमोर त्या हसून सांगायच्या, "यायच्या हाताले पक्केपणाच नाही." तोही हसायचा. आणि मी, निर्लज्ज, त्याच घरी चहा पीत मान डोलवायचो. स्क्रू लोखंडाचे होते हे त्याला कळलंच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मागच्या आठवड्यात भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी एक कागदाची पुडी दिली. "मागंच सांगून ठेवलं होतं त्यायनं, दिगूले द्याजा म्हणून." आत चुंबक होतं. त्याला एक स्क्रू चिकटलेला, डोकं गंजानं खाल्लेला. "पाहा ना भाऊजी, जन्मभर हे खिशात घेऊन फिरले, अन् एक पट्टी धड बसवता नाही आली," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं... मी चहाचा कप तळापर्यंत रिकामा केला आणि उठलो. त्या थुंकणाऱ्या माणसाची मला जेवढी किळस आली होती, त्याच्या दसपट माझी आली.

चुंबक आत्ता टेबलावर आहे. स्क्रू ओढला तर सुटेल. मी ओढत नाही. वहिनी, ही पुरवणी तुमच्याकडे येते हे मला ठाऊक आहे. मधुकरनं पट्टी पक्की बसवली होती. स्क्रू मी आणले होते.